पट्टा पाठीवर चढतोय? मग माप चुकलंय

राजवाड्याजवळच्या बाजारात ब्रा घ्यायला निघण्याआधी घरीच टेपनं माप घ्या, बायांनो. काउंटरवर घाईघाईत “३६ द्या” म्हटलं की तिथेच घोटाळा होतो.

श्वास सोडून छातीच्या लगेच खाली टेप घट्ट, आडवी धरा: समजा ३४ इंच. मग सर्वांत भरलेल्या भागावर, सैलसर: ३७. फरक ३ इंच, म्हणजे ३४ सी: आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं. फरक १ इंच असेल तर ए, २ ला बी, ४ ला डी. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून घालून बघाच.

खरा आधार खालचा पट्टा देतो, खांद्याच्या पट्ट्या नव्हेत. आरशात पाठ बघा. पट्ट्याची कमान झाली असेल तर तो सैल आहे. मग खांद्याच्या पट्ट्या आवळल्या जातात, खांद्यावर लाल वळ उठतात आणि मागचा पट्टा आणखीच वर ओढला जातो. अशा वेळी ३४ सीऐवजी ३२ डी मागा. पट्टा लहान होतो, कपाची जागा तेवढीच राहते. काखेपाशी मांस बाहेर येत असेल तर मात्र कप लहान आहे, पट्टा वाढवू नका.

नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे. धुऊन धुऊन इलास्टिक सैल पडतं, तेव्हा आतले हुक उपयोगी पडतात. पहिल्याच दिवशी सर्वांत आतला हुक लावावा लागला, तर ती घेऊच नका.