हार्डनर हातात येईपर्यंत पॉलिश पेपर लावू नका

गाडीला रोलरने पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग लावायचं म्हटलं की सगळे टेक्स्चरबद्दल बोलतात, रोलर कुठला घ्यायचा ते सांगतात. सामान घरी पोहोचेपर्यंत काय होतं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझं सगळं काम तिथेच अडकलं, म्हणून मुख्यतः त्याबद्दलच लिहितोय.

गाडी म्हणजे महिंद्राची पहिल्या पिढीतली काळी थार, आपल्या नाशिकच्याच प्लांटमधली. हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूला फिरणं जास्त. तिकडे वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदाच्या जाळ्या असतात, त्यामुळे दरवाज्यांवर ओरखड्यांची रांगोळी झाली होती. त्र्यंबकच्या पावसात मडगार्डच्या कडांना गंजही धरला होता. गॅरेजचा चकचकीत रंग एका ट्रिपमध्ये पुन्हा खरवडून निघाला असता. पिकअपच्या हौद्यात मारतात तसलं जाड, खरखरीत कोटिंग पूर्ण बॉडीला द्यायचं ठरवलं. मखमलाबादला काकांच्या मळ्यात पत्र्याची शेड आहे, ती मोकळी करून घेतली.

नोव्हेंबरची कोरडी हवा होती. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे किट मागवलं. हे दोन भागांचं असतं, बेस आणि त्याला कडक करणारा हार्डनर. माझ्या किटचं प्रमाण तीनास एक, म्हणजे ३ लिटर बेसला १ लिटर हार्डनर. पैसे भरले आणि "दोन्ही डबे एकत्रच निघालेत, साहेब" असा निरोप आला. त्यावर विसंबून मी कामाला लागलो. बंपर, दिवे, आरसे, दरवाज्यांची रबरं काढली. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मडगार्डचा गंज पार पत्र्यापर्यंत उतरवला, मग स्कॉच-ब्राइट फिरवलं. हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

बेस कुरियरने आला. हार्डनर आला नाही.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, हार्डनरच्या डब्यावर ज्वालाग्राही मालाचं चिन्ह आहे, कुरियरवाल्यांनी उचलला नाही, म्हणून ट्रान्सपोर्टने टाकलाय. पाठवताना हे सांगायला एक मेसेज पुरला असता. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर मागितला, तो संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला. आला तो पुढच्या आठवड्यात, तोही एक आकडा कमी. माल भिवंडीत, माल लोड झालाय, घाटात जाम आहे, गाडी नाशिकला लागलीय पण खाली झाली नाही, अशी उत्तरं ऐकत मी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला चकरा मारत होतो. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. "दादा, रंगाचा माल वेगळ्या गाडीत येतो. ती गाडी भरल्याशिवाय निघत नाही," हे खरं उत्तर त्यानेच दिलं. ज्याने माझे पैसे घेतले त्याने ते एकदाही दिलं नाही. मला राग उशिराचा नाही. ट्रान्सपोर्टला वेळ लागतो हे मलाही कळतं. पण समोरच्याची गाडी उघडी पडली आहे हे माहीत असताना रोज "उद्या" म्हणायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

कारण उघडा पत्रा वाट बघत नाही. थंडी पडायला लागली, पहाटे शेडच्या पत्र्यावरून दव गळायला लागलं, आणि एका सकाळी घासलेल्या मडगार्डवर बोट फिरवलं तर बोटाला केशरी भुकटी लागली. हळदीच्या बोटासारखं दिसत होतं. अख्खी उजवी बाजू पुन्हा घासायची होती. त्याच दिवशी शहरात जाऊन इपॉक्सी प्रायमर आणला आणि उघडा पत्रा झाकून टाकला. हा उपाय बरोबर आहे, तुमच्यावर अशी वेळ आली तर हाच करा. पण प्रायमरचीही मुदत असते. डब्यावर दिलेल्या वेळेत पुढचा थर दिला नाही तर तो इतका गुळगुळीत कडक होतो की वरचं कोटिंग धरत नाही. म्हणजे तोही हलक्या हाताने घासून घ्यावाच लागतो. हार्डनरची वाट बघण्यात ती मुदतही गेली आणि घासकाम पुन्हा आलं.

या काळात रंगाच्या दुकानात एकाने सल्ला दिला, "पीयू ते पीयू, फर्निचरचा हार्डनर टाका की, सगळं सारखंच." अजिबात सारखं नसतं. किती बेसला किती हार्डनर हे त्या-त्या रसायनाच्या हिशोबाने ठरलेलं असतं. तो हिशोब चुकला तर थर एक तर चिकट राहतो, नाही तर ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. मी नाही म्हणालो याचा मला आजही आनंद आहे.

शेवटी डबा आला, एका बाजूने चेपलेला. झाकणाचं सील शाबूत आहे का ते गोडाऊनमध्येच पाहिलं, मगच सही केली. तुम्हीही तेच करा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आतला द्रव गढूळ किंवा घट्ट दिसला तर तो वापरायचा नाही. माझा स्वच्छ होता, तेव्हा जीव भांड्यात पडला.

ओलाव्याची हीच गोष्ट लावतानाही लागू होते. ओल्या पत्र्यावर कोटिंग दिलं तर आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे धरतात. काकांनी द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी हवामान यंत्र बसवलंय, ते तापमान आणि आर्द्रता दाखवतं. ते बघून काका म्हणाले, "दहाच्या आत हात लावू नको. पानावरचं दव गेलं तरी लोखंडावरचं जात नाही." ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा (दवबिंदू) पत्रा निदान ३ अंश गरम हवा, हा रंगकामातला नेहमीचा नियम, आणि काका बागेच्या अनुभवावरून तेच सांगत होते. म्हणून काम अकरा ते तीनमध्येच केलं.

प्रत्यक्ष लावणं सगळ्यांत सोपं. आधी कडा, बिजागऱ्यांजवळच्या खाचा ब्रशने, मग मोठे भाग खडबडीत फोमच्या रोलरने. पहिला थर पातळ, खालचा रंग थोडा दिसला तरी चालतो. दुसरा आडव्याला उभा. रोलर दाबायचा नाही, दाबला की खरखरीत दाणा दबून सपाट होतो. एका वेळी लागेल तेवढंच मिसळायचं, कारण मिसळल्यावर साधारण तासाभरात ते घट्ट व्हायला लागतं. मास्किंग टेप थर मऊ असतानाच काढायची, वाळल्यावर ओढली तर कड फाटते. दरवाज्यांखालची पाणी जायची भोकं बुजवू नका, नाही तर आतून गंजेल.

मास्कबद्दल हे आधीच सांगायला हवं होतं: कापडी किंवा कोविडचा मास्क इथे काहीच कामाचा नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनाची वाफ गाळणारा) मास्क, हातमोजे आणि शेडची दोन्ही दारं उघडी. आयसोसायनेटने एकदा छाती धरली तर पुढे थोड्याशा वासानेही दमा उठू शकतो. लहान मुलांना त्या दिवशी मळ्यात येऊ देऊ नका. घासतानाही मास्क हवाच, तो धुळीचा चालतो.

किट घेताना ते अ‍ॅलिफॅटिक, म्हणजे उन्हात रंग टिकवणारं आहे का ते विचारा. अ‍ॅरोमॅटिक स्वस्त असतं, पण उन्हात काळा रंग काही काळाने राखाडी पडतो. आणि मागवताना बेस व हार्डनर कशाने येणार, बिल्टी कधी मिळणार, हे लेखी घ्या. दोन्ही डबे घरात येईपर्यंत गाडीला पॉलिश पेपर लावू नका, विक्रेता काहीही म्हणो.

रंगाचं राहिलंच. माझी गाडी आरसीवर काळी आहे आणि काळीच राहिली, त्यामुळे कागदपत्रांचं काही करावं लागलं नाही. रंग बदलणार असाल तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आणि जीपवाल्यांचा आवडता मिलिटरी हिरवा मनात असेल तर तो सोडून द्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे.