शिबिराची फी परत मागताना: माझा अनुभव

फी परत मागायचा फॉर्म शिबिरवाले ईमेलवर पाठवत नाहीत. कुडाळला त्यांच्या कार्यालयात जाऊन आधी 'संवाद' करायचा, मगच फॉर्म. माझा सगळा संताप या संवादावर आहे.

धाकटा भाऊ तारकर्लीजवळ व्यक्तिमत्त्व विकासाच्या निवासी शिबिराला गेला होता. मोबाइल जमा, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत सत्रं, सगळ्यांसमोर रडून आयुष्य सांगायचं. शेवटच्या रात्री टाळ्यांच्या कडकडाटात पुढच्या लेव्हलचे पैसे भरून घेतले. घरी आला तो झोपेचना. अखंड बडबड, नोकरी सोडायच्या गोष्टी. आई म्हणाली, "पैशे जांवदेत, आधी तेका झोप येवक व्हयी." मानसोपचारतज्ज्ञांनीही आधी झोपेचंच विचारलं. मूळचा कल असेल तर नुसत्या जागरणानंही उन्माद उसळू शकतो, म्हणाले. औषधांनी तो सावरला.

आता संवाद. समोरची ताई पगारी नव्हे, स्वतः शिबिरं करून 'सेवा' देणारी. भाऊ आजारी आहे म्हटलं, तर "हा त्याचा रेझिस्टन्स," म्हणजे बदलाला विरोध. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर "तो बदलतोय याची तुम्हालाच भीती वाटते का?" माझा आवाज चढला, तर "बघा, हा राग कुठून येतोय?" गप्प बसलो, तर तेही वहीत लिहिलं. वर "आमच्याकडे आजवर कुणाला त्रास झालेला नाही." लीबरमन, यालोम आणि माइल्स या अमेरिकी संशोधकांचा १९७३चा अभ्यास मी वाचून गेलो होतो. स्टॅनफर्डच्या दोनशेवर विद्यार्थ्यांना अशाच, सगळ्यांसमोर मन उघडं करायच्या गटांत बसवलं, त्यातल्या १६ जणांना टिकून राहणारी मानसिक इजा झाली, आणि ती ओळखण्यात गटप्रमुखच कच्चे निघाले. हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "तुम्ही फार डोक्यात जगता."

मग मी तारीख, रक्कम आणि पावती नंबर एवढंच बोलायला लागलो. भावनेचा प्रश्न आला की पुन्हा पावती नंबर. लेखी अर्जाची पोच देईनात, म्हणून तो स्पीड पोस्टनं पाठवला आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली. अर्जात जिल्हा ग्राहक आयोगाचा उल्लेख जरूर करा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षं.

हो, एक राहिलं. शिबिराआधी 'मी मानसिकदृष्ट्या ठणठणीत, जबाबदारी माझी' अशा कागदावर सही घेतात, त्याचा फोटो मोबाइल जमा करण्याआधीच काढा. रात्री-अपरात्री घरात कुणी बिथरलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास लागतो.

पैसे आले, जीएसटी कापून. त्या कापलेल्या जीएसटीबद्दलचं पत्र काल टाकलं.