लोणी आणि बांध

परवा दुपारी लोणी कढवायला ठेवलं आणि गॅसपाशीच उभ्यानं मोबाईलवर जॉर्ज वॉशिंग्टनची पत्रं चाळत होते. परक्यांची पत्रं वाचायची मला जुनी खोड आहे. कुणी विचारलंच तर इतिहासाची आवड म्हणते.

७ जून १७५५. २३ वर्षांचा जॉर्ज ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फौजेबरोबर विल्स क्रीकच्या छावणीत. फ्रेंचांना ओहायोच्या खोऱ्यातून हुसकायला निघालेत. आणि हा आईला कळवतोय, की तुम्ही मागवलेला डच नोकर आणि लोणी काही जमत नाही. इथे वस्तीच नाही, लोणी तर फौजेलाही मिळेना. मायना काय, तर 'ऑनर्ड मॅडम'. आईला!

ही आई राहायची ते शेत नवऱ्याच्या मृत्युपत्रानं जॉर्जला गेलेलं. वडील वारले तेव्हा तो ११ वर्षांचा. बाईंनी शेत सोडलं ते १७७२ मध्ये. सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची; हे आपल्याला काय नवीन?

आमच्या आजीची पत्रं मी लिहायचे. १५ पैशांचं पोस्टकार्ड. आजी ओसरीवर तांदूळ निवडत सांगायची, "लिही, त्यानं यंदा पुन्हा बांध कोरला." पुढे चुलत आजोबांच्या नावानं जे काही यायचं ते सगळं गाळून मी 'इकडील सर्व क्षेम' लिहून टाकायचे. मुत्सद्देगिरीचं माझं शिक्षण तेवढंच.

वॉशिंग्टनांचा बांध मोठा. सावत्र भाऊ लॉरेन्स जमिनीचे व्यवहार करणाऱ्या ओहायो कंपनीचा अध्यक्ष होता. कंपनीला १७४९ मध्ये ब्रिटनच्या राजाकडून २ लाख एकर मंजूर. १७५३ च्या अखेरीस 'आमच्या मुलखातून निघा' अशी चिठ्ठी देऊन जॉर्जला फ्रेंचांकडे धाडणारे व्हर्जिनिया वसाहतीचे लेफ्टनंट गव्हर्नर डिनविडीसाहेब त्याच कंपनीचे भागीदार. परतताना जॉर्जनं तिथल्या सेनेका जमातीच्या अलिक्विपा राणीला एक कोट आणि रमची बाटली भेट दिली. दोहोंत बाटलीच जास्त आवडली, असं त्यानंच रोजनिशीत लिहिलंय. एवढ्यावर मी त्याला बरंच माफ केलं.

त्याच्याही आधी कंपनीसाठी जमीन हेरत ख्रिस्तोफर गिस्ट तिकडे हिंडत होता. त्याला तिथल्या डेलावेअर जमातीच्या एका माणसानं विचारलं, नदीच्या एका बाजूची सगळी जमीन फ्रेंच आपली म्हणतात, दुसऱ्या बाजूची इंग्रज. मग आमची कुठली?

गिस्टनं लिहून ठेवलंय, की हाच प्रश्न आधी एकदा विचारला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आणि आत्ताही चटकन सुचेना.