"पिवळीच होते हो शी"

लसीकरणाच्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत दीड महिन्याचा एक मुलगा पहिल्या डोससाठी आला. वजन छान वाढलेलं, बोट दिलं की घट्ट धरणारा. सुई टोचायला त्याला खिडकीपाशी घेतलं आणि उजेडात डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक दिसली.

"जन्मल्यावर कावीळ होती ना, तीच रेंगाळलीय," आई म्हणाली. "अंगावर पिणाऱ्या बाळांना राहते म्हणे."

राहते, खरंच. एरवी नवजात बाळाची साधी कावीळ दोनेक आठवड्यांत उतरते. आईच्या दुधावरच्या काही बाळांची जास्त दिवस टिकते आणि तिने काही बिघडत नाही. पण या समजुतीआड एक वाईट आजार लपतो.

"शी कशी होते?"

"साफ होते, रोज."

"रंग?"

"पिवळीच होते हो शी."

तेवढ्यात बाळाने शी केली. आजी लगबगीने उठल्या, "थांबा सिस्टर, धुऊन आणते, ती काय बघायची?" मी म्हटलं, आजी, राहू द्या, मला तीच बघायचीय.

लंगोट उघडला. शी ओल्या शाडूच्या रंगाची होती, राखाडीकडे झुकणारी पांढरट. शेजारी लघवीचा गडद पिवळा डाग. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते, कापडावर असा डाग पडत नाही. आई खोटं बोलत नव्हती. रंग रोज थोडाथोडा उतरत गेला आणि रोज बघणाऱ्या नजरेला तो पिवळाच वाटत राहिला. शिवाय आपल्याकडे मोहरीसारख्या गडद रंगापासून सायीसारख्या फिक्या रंगापर्यंत सगळ्याला 'पिवळी'च म्हणतात.

शीला रंग येतो तो पित्तामुळे. यकृतातून पित्त आतड्यात उतरतं, मोठेपणी तिथले जिवाणू त्यातल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यापासून तपकिरी रंगद्रव्य बनवतात. तान्ह्या बाळांत पिवळा-हिरवा रंग दिसतो. शी पांढरी पडली म्हणजे पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नाही. ते रक्तात साठतं, लघवीवाटे बाहेर पडतं आणि आत यकृत खराब होत जातं. बाळ मात्र पितं, हसतं, वजन धरतं. म्हणून तर कुणाला शंका येत नाही.

मी लंगोट तसाच घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक नजर टाकली आणि रक्तातल्या 'थेट बिलिरुबिन'ची, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायला तयार केलेल्या बिलिरुबिनची, तपासणी लिहिली. बाळाची कावीळ लांबली तर फक्त एकूण बिलिरुबिन बघून भागत नाही. थेट बिलिरुबिन वाढलेलं असणं कधीच साधं नसतं. याचं बरंच वाढलेलं होतं. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. निदान झालं बिलियरी अट्रेशियाचं, म्हणजे यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजत गेलेल्या.

यावर जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया करतात. बुजलेल्या नलिका काढून आतड्याचा वेढा थेट यकृताला जोडतात. ती जितकी लवकर तितका उपयोग जास्त. 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा बरीच असते. आमच्या बाळाची त्या मुदतीत झाली. काही दिवसांनी आईचा फोन आला, "सिस्टर, हिरवी झाली शी!" आवाजात रडू होतं. पुढे यकृत बदलावं लागणारच नाही, असं कुणी सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेनंतरही अनेक मुलांना ते लागतं. पण त्याला वेळ मिळाला.

तैवानमध्ये 2004 पासून शीच्या रंगांचं कार्ड देशभर पालकांना देतात, जपानमध्ये माता-बाल पुस्तिकेतच ते असतं. तसे छापील रंग मी माझ्या टेबलावर चिकटवलेत. 'कोणता रंग?' असं तोंडी विचारणं मी सोडलंय. आईला त्या रंगांवर बोट ठेवायला सांगते आणि बाळाने नुकतीच शी केली असेल तर लंगोट स्वतः उघडून बघते, रांग कितीही मोठी असो.