तळहाताच्या बाजूचे हिरे

दुपारच्या जेवणानंतर ओटा आवरताना एका वाटीत धाकट्या बहिणीची अंगठी दिसली आणि मी ती सहज उचलून खिडकीपाशी नेली. सकाळी पुरणपोळीची कणीक तिने मोठ्या हौसेने तिंबली होती आणि अंगठी काढून ठेवायचे भान तिला हात पिठात गेल्यावरच आले असावे, कारण दोन-दोन हिऱ्यांच्या मधल्या फटींत कणीक वाळून पांढरी झाली होती. दात कोरायची काडी घेऊन मी एकेक फट मोकळी करू लागले. बऱ्याच वेळाने लक्षात आले, की या अंगठीला वरची बाजू नाही आणि खालचीही नाही. पंचवीसेक हिरे सगळ्या वर्तुळाभर एकाच मापाने बसवलेले असल्यामुळे सुरुवात कोणत्या फटीपासून केली तेच सांगता येईना, आणि झाकोळलेल्या प्रकाशात साफ झालेली फटही न झालेल्या फटीसारखीच दिसू लागली.

बहीण लेस्टरला असते. तिचा थोरला मुलगा झाला तेव्हा तिच्या नवऱ्याने, म्हणजे खरे तर त्याच्या कचेरीतल्या इंग्रज बायकांनी कान टोचल्यावर, ही इटर्निटी रिंग तिला घेतली. साखरपुड्याची एक, लग्नाची एक, आणि पहिले मूल झाल्यावर किंवा लग्नाच्या एखाद्या ठळक वाढदिवसाला ही तिसरी, असा तिकडचा शिरस्ता आहे. आपल्याकडे बारशाला सोने येते ते बाळासाठी; बाळंतिणीच्या वाट्याला डिंकाचे लाडू आणि सल्ले येतात. त्यामुळे कौतुक आईचे व्हावे ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि त्यात कोणाचा धंदा साधला याची चौकशी मी जरा उशिराने केली.

तशी सगळीकडून खडे बसवलेली अंगठी जुनीच आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने 1761 मध्ये लग्नाच्या दिवशी राणी शार्लटला हिऱ्यांची अशी अंगठी दिली, ती लग्नाच्या साध्या अंगठीच्या पुढे राखणदार म्हणून घालण्यासाठी. ती बोटावरून निसटू नये, एवढेच त्या राखणदाराचे काम. मात्र घरोघरच्या नवऱ्यांना ही अंगठी घेण्याची सवय लागली ती फार पुढे. सायबेरियात 1955 मध्ये हिऱ्यांची मोठी खाण सापडली आणि तिथून निघणारे बरेचसे हिरे बारीक होते. हिऱ्यांचा जगभरचा व्यापार मुठीत ठेवणाऱ्या डी बिअर्स कंपनीने सोव्हिएत सरकारशी व्यवहार करून ते हिरे घेतले खरे, पण साखरपुड्याच्या अंगठीत लोकांना एकच टपोरा हिरा हवा असतो, हे तिनेच जाहिराती करकरून लोकांच्या मनावर ठसवले होते. मग या बारक्या हिऱ्यांचे करायचे काय? ज्यांचा साखरपुडा होऊन जमाना लोटला आहे अशा बायकांना त्यांच्या नवऱ्यांनी प्रेमाची नव्याने ग्वाही द्यावी, आणि त्या ग्वाहीत पुष्कळ बारीक हिरे ओळीने बसवावेत, अशी युक्ती निघाली. मला या युक्तीचा राग येत नाही. अक्षय्य तृतीयेला सोने घ्यायला रांगेत उभ्या राहणाऱ्यांनी कोणाच्या जाहिरातीला हसावे असे वातावरण आपल्याकडे नाही.

अंगठी निवडताना पहिलाच प्रश्न पडतो तो पूर्ण की अर्धी हा. अर्ध्या अंगठीत हिरे फक्त वरच्या बाजूला असतात आणि तळहाताकडे सोन्याची साधी पट्टी असते. सराफ, निदान प्रामाणिक सराफ, अर्धीच घ्या म्हणतो, आणि त्याच्याकडे कारणे भक्कम असतात. तळहाताकडचे हिरे कोणाला दिसत नाहीत, पैसे मात्र त्यांचेही पडतात, आणि मार खातात तेच. कढईचा कान, बसचा दांडा, बादलीची कडी, स्कूटरची मूठ, सगळे त्यांच्यावर येते. हिरा सहसा झिजत नसला, तरी त्याला धरून ठेवणारी सोन्याची बारीक नखे झिजतात आणि एक दिवस खडा कुठे गळून पडला ते कळतही नाही. हे सगळे मला पटते. तरीही अर्ध्या अंगठीविषयी माझ्या मनात अढी आहे. निऱ्यांत आणि आतल्या फेऱ्यात काठ न घालता नुसते पदरापुरते जरीकाम केलेली साडी मी आजवर घेतलेली नाही. कोणाला दिसणार आहे, असे दुकानदाराने विचारले, की मला दिसणार आहे, असे मी त्याला सांगते. अंगठीच्या बाबतीत हा हट्ट न परवडणारा आहे, हे कळत असूनही तो जात नाही. शिवाय पूर्ण अंगठीचा एक फायदा कोणी सांगत नाही. वर मोठा खडा असलेली अंगठी सतत कलंडून आतल्या बाजूला जाते आणि तिला जागेवर आणण्यात बाईमाणसाचा दिवस जातो. ही कितीही फिरली, तरी सरळच असते.

खरी अडचण मापाची आहे. बोट सगळा दिवस एका मापाचे राहत नाही. पहाटेच्या गारव्यात ते आक्रसते, दुपारच्या उन्हात फुगते, आणि बाळंतपणात तर त्याचा काही भरवसाच नसतो. लेस्टरच्या जानेवारीत पेरावरून सुळकन घसरणारी ही अंगठी पुण्याच्या एप्रिलमध्ये साबण लावल्याखेरीज निघत नाही. साधी अंगठी घट्ट झाली, तर सोनार ती कापतो, चिमूटभर सोने घालतो आणि डाख लावून सांधतो. अर्ध्या अंगठीचेही तळहाताकडून तसे करता येते. पूर्ण अंगठीत मात्र कापायला जागाच नाही. जिथे कापावे तिथे हिरा, आणि वर्तुळ थोडे वाढवायचे म्हटले, तर खड्यांची सगळी वीणच चुकते. म्हणून ती वाढवत नाहीत, बहुधा नवीनच करतात.

कापलेली अंगठी मी लहानपणी पाहिली आहे. वाईच्या घरी दिवाळीआधी माळ्यावरची भांडी काढताना आजीला गांधीलमाशी डसली, ती नेमकी वेढणे असलेल्या बोटाला. वेढणे म्हणजे चोख सोन्याचे, बिननक्षीचे, नुसते गोल. गुरुपुष्याला मुहूर्त म्हणून घ्यायचे आणि अडीनडीला मोडायचे. आजीने ते डाख लावून बंद करून घेतले होते आणि रोज बोटात घालत असे. घटकाभरात बोट असे सुजले, की सोने मांसात रुतून दिसेनासे झाले. आत्याने शिवणयंत्रावरचा दोरा आणला, सुईच्या नेढ्याच्या बाजूने त्याचे टोक वेढण्याखालून अलगद सरकवले आणि उरलेल्या दोऱ्याची वेटोळी पेराच्या वरपर्यंत अशी चापून बसवली, की बोट दोऱ्याचे रीळ वाटू लागले. मग खालचे टोक धरून ती वेटोळी उलटी उलगडू लागली, म्हणजे प्रत्येक वेटोळ्यासरशी अंगठी एक दोराभर वर सरकायची. एरवी हमखास लागू पडणारी ही युक्ती त्या दिवशी पेरापाशी अडली. शेवटी गल्लीतल्या सोनाराला बोलावले. त्याने बारीक कातरीचे एक पाते सोन्याखाली घातले, कट् असा आवाज झाला, आणि चिमट्याने त्याने वेढणे उघडले.

आजीच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिचे पहिले वाक्य होते, "आत्ताच्या आत्ता वजन करून दाखव." सोनाराने तागडी काढली आणि दुसऱ्या पारड्यात गुंजा टाकल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हा हिशेब आम्हां पोरांना तिथेच पाठ झाला. दिवाळीनंतर सोनाराने त्यात दोन गुंजा सोने घालून वेढणे पुन्हा सांधून दिले आणि आजीने ते पुन्हा घातले. सांधा कुठे आहे हे शोधायला आम्ही तिचे बोट उलटसुलट करून पाहत असू. तो कोणालाच सापडला नाही.

हिऱ्यांच्या अंगठीला अशी आच लावायची, तर सोनाराला जीव मुठीत धरावा लागतो, कारण कायमचा म्हणून विकला जाणारा हिरा चक्क जळतो. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1772 मध्ये पॅरिसला मोठ्या भिंगातून ऊन एकवटून तो जाळून दाखवला होता. सोनाराच्या हातून तो जळून जात नाही, पण पृष्ठभाग पांढुरका होतो आणि पुन्हा पैलू पाडावे लागतात. त्यातून खडे पाचूचे किंवा माणकांचे असले, तर काळजी आणखी वाढते. पाचूच्या अंगातल्या चिरा तेल मुरवून झाकलेल्या असतात, म्हणून दुकानातल्या थरथरत्या पाण्याच्या यंत्रात त्याला कधी सोडू नये.

निगा राखण्याचा विषय निघालाच आहे, तर कणकेकडे परत यायला हवे. बहिणीची तक्रार होती, की अंगठी तिकडे लखलखते आणि इकडे आठ दिवसांत मंदावते. यात पुण्याच्या हवेचा दोष नाही. हिऱ्याला पाण्याचे वावडे आणि तेलातुपाचे वेड असते. हा त्याचा स्वभाव इतका पक्का आहे, की दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीच्या खाणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चरबी माखलेल्या उतरत्या फळ्यांवरून दगडांचा चुरा पाण्याबरोबर सोडत. दगड वाहून जात आणि हिरे तेवढे चरबीला चिकटून राहत. तेव्हा पोळीला तूप लावणाऱ्या हातात हिरा मलूल झाला, तर तो आपल्या धर्मालाच जागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ केसांचा जुना ब्रश, आणि त्याआधी बेसिनच्या भोकावर जाळी, एवढे पुरते. मी त्या दुपारी रिठे भिजवले, कारण आमच्या घरी सोने रिठ्याच्या पाण्यानेच धुतात. टूथपेस्ट मात्र लावू नये. हिऱ्याला काही होत नाही, सोन्याला बारीक ओरखडे येतात. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनशीही सोन्याचे जमत नाही. धुऊन झाल्यावर अंगठी कानाशी धरून हलकी टिचकी मारायची. एखादा खडा सैल झाला असेल, तर तो आतल्या आत खुळखुळतो. पैठणीच्या जरीत नख अडकू लागले, की सराफाकडे जायची वेळ झाली असे समजावे.

धुताना आणखी एक गोष्ट दिसली. बहिणीच्या लग्नाची साधी अंगठी शेजारीच ठेवली होती आणि तिच्या एका कडेला गोलाकार चर पडला होता. दोन्ही अंगठ्या ती एकाच बोटात लागोपाठ घालते आणि हिऱ्यांच्या कडा सोन्यावर घासत राहतात. राणी शार्लटच्या राखणदाराने आतल्या अंगठीचे काय केले असेल, असा प्रश्न मला पडला. बहिणीला मी सुचवले, की ही उजव्या हातात घाल. ती म्हणाली, "ताई, मग तिचा अर्थच जातो."

आजीने या अंगठीविषयी एकच गोष्ट विचारली असती, ती म्हणजे मोड किती येईल. उत्तर फारसे चांगले नाही. एवढ्या बारीक हिऱ्यांचे परत विकताना फार काही मिळत नाही आणि सोने अठरा कॅरटचे, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग. घट आणि मजुरी वजा जाता हाती काय राहणार! पण लेस्टरला बहिणीच्या शेजारी एक म्हातारी राहते, तिच्या बोटात नवऱ्याने दिलेली अशीच अंगठी आहे. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झाली, अंगठी तिथेच आहे, आणि ती काढ असे तिला कोणी कधी म्हणाले नाही.

आत्याच्या पायातली जोडवी जुन्या घडणीची, जाड, बंद वळ्यांची होती. मामांच्या दहाव्याला ती काढायची ठरली तेव्हा तिच्या पायांना सूज होती आणि जोडवी हलेनात. जमलेल्या बायकांपैकी कोणाला दोरा आठवला नाही. ज्या एकीला ती युक्ती येत होती तिचेच पाय पुढे होते. कोणीतरी पक्कड आणली. पुढे मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले. आत्या त्याआधीच गेली होती. ती आजीच्याच तालमीत वाढलेली असल्यामुळे ठराव ऐकून तिने पहिल्यांदा हेच विचारले असते, की मग माझी पाच भार चांदी गेली कुठे.