फ्रेटलेस अपडेट : जी तार बोलली, आणि प्लॅन पुन्हा बदलला

मंडळी, माझ्या फ्रेटलेस बास गिटारची 'जी' (G) तार बोलली! (फ्रेटलेस म्हणजे नेकवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नाहीत, त्यांच्या जागी नुसत्या लाइन.) सातव्या लाइनवर डी सूर धरला, बोट जरासं हलवलं आणि असा 'म्वा', फ्रेटलेसचा तो गाणारा सूर, आला की अँप बंद करून बॉडीच्या वरच्या शिंगाला कान लावून परत ऐकला, परत तोच. गेले कित्येक आठवडे इथे तुम्ही माझी रडगाणी वाचताय, म्हणून आज सगळं नीट सांगतो, कारण जे कारण निघालं ते आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं आणि पुण्यात पावसाळ्यात बोर्डला (नेकवर बोटं दाबतो ती लाकडी पट्टी) एपॉक्सी रेझिनचा थर देणाऱ्या प्रत्येकाला ते भेटणार आहे.

तक्रार काय होती ते थोडक्यात. ई, ए, डी तारा झकास. जी तार मात्र पाचव्या ते दहाव्या लाइनच्या मधे मेलेली. सूर सुरू व्हायचा, पण त्याच्या वरचं जे चकाकणारं असतं ते उठायच्या आतच बसायचं. बझ नाही, चोक नाही, फक्त मंद. पिच बरोबर, आवाज पुरेसा, पण फ्रेटलेस वाजतोय असं वाटतच नव्हतं. आणि नेमकी तीच जागा जिथे बासवादक जाको पास्टोरियसच्या 'कन्टिन्यूअम'चे वरचे सूर येतात. दुसरीकडे कुठे असतं तर मी सोडून दिलं असतं.

मागच्या अपडेटखाली जे जे सुचवलं गेलं ते सगळं केलं. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे. ब्रिजवर जी ची उंची. नटची, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच. पिकअप खाली घेतला, म्हटलं चुंबक तार ओढत असेल. नवी तार टाकली. जुनी डी तार जी च्या जागी लावून बघितली, तीही तिथेच मेली, म्हणजे तारेचा दोष नाही हे नक्की झालं. एका रिपेअरवाल्याकडे नेला तर तो म्हणाला नेकच बदला. नेक बदला! सरळपट्टी लावून बघितलंसुद्धा नाही त्याने. मी बोहरी आळीतून आणलेला अॅल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन लावून खालून टॉर्च मारला, उजेडाची रेष शेवटपर्यंत सारखी. बोर्ड सपाट होता.

कोडं सुटलं ते भवानी पेठेत, टिंबर मार्केटमधे. लाकडाच्या पट्ट्या आणायला गेलो होतो, बास गाडीतच होता, तर तिथले एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, दाखवा की काय आहे ते. त्यांनी बास आयुष्यात हातात घेतला नसेल. बोर्डवर नखाने टकटक करत वरपासून खालपर्यंत गेले, फरशी बसवणारे पोकळ टाइल शोधतात ना अगदी तसं, आणि सातव्या लाइनच्या जी च्या बाजूला थांबले. "साहेब, हे खाली धरलेलंच नाही." मी टकटक केलं. बाकी बोर्डवर टणक 'टिक', तिथे 'टप्'. तळहाताएवढाही नाही, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब असा पट्टा, एपॉक्सीचा वरचा थर खालच्या थराला चिकटलेलाच नव्हता. दिसायला काचेसारखा स्वच्छ. तार त्या जागी दाबली की तिची वरची सगळी कंपनं तो सुटा पापुद्रा गिळत होता.

म्वा येतो कुठून हे आपल्याला माहीत आहे, बोटाच्या पुढे तार बोर्डला अगदी हलकी घासत जाते आणि त्या घासण्यातून हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरातलेच बारीक वरचे सूर, हळूहळू उघडतात. त्यासाठी पृष्ठभाग कडक पाहिजे आणि खालपर्यंत एकजीव पाहिजे. नुसता वरून कडक असून भागत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात त्या टप् आवाजाने शिरली.

आता पापुद्रा का सुटला. दुसरा थर दिला त्या आठवड्यात पावसाने उघडीपच दिली नव्हती, खोलीतला आर्द्रता मीटर ऐंशीच्या वर. एपॉक्सीच्या हार्डनरमधे अमाइन असतात, ते ओल्या हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणचट पातळ साय धरतात. ती डोळ्याला दिसतेच असं नाही, बोटाला जरा बुळबुळीत लागते. त्यावर पुढचा थर दिला की तो सायीला चिकटतो, खालच्या एपॉक्सीला नाही. आणि यातली मेख म्हणजे ही साय थिनरने जात नाही. नुसता पॉलिश पेपर मारला तर ती अजून पसरते आणि पेपर भरून जातो. ती जाते साध्या कोमट पाण्याने! स्क्रबर आणि कोमट पाणी, मग कोरडं पुसायचं, मग पेपर. हे रेझिनच्या डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

आणि इथेच मला जाको नव्याने कळला. आपण सगळे 'बोटीचा एपॉक्सी' हे त्याच्या नावापुढे पदवी असल्यासारखं म्हणतो, पण त्यामागे हवामान आहे. हा पोरगा पेनसिल्व्हेनियात जन्मला १९५१ मधे, पण वाढला फ्लोरिडात, समुद्राकाठच्या दमट हवेत. आधी ड्रम वाजवायचा, फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं म्हणून बासकडे वळला. मग पैसे साठवून उभा डबल बास घेतला, आणि एका सकाळी बघतो तर त्या दमट हवेने तो तडकलेला. म्हणजे फ्रेटलेस इलेक्ट्रिक बासवर तो सगळा जीव ओतायला लागला त्यात ओलीचा मोठा हात आहे. उभ्या बासचा सूर हवा होता आणि तडकणार नाही असं लाकूड हवं होतं. त्यात तो राउंडवाउंड तारा वाजवायचा, रोटोसाउंड कंपनीच्या, त्या स्टीलच्या वेटोळ्या रोजवूडवर कानशीसारख्या चालतात, चर पडतात. म्हणून फ्रेटच्या खाचा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायच्या आणि वर बोटीला लावतात तो एपॉक्सी चढवायचा. बोर्ड वाचवायला केलेला इलाज, आणि त्यातूनच तो गाणारा, लांबत जाणारा आवाज निघाला. पुण्याचा श्रावण आणि फ्लोरिडा यात मला आता फार फरक वाटत नाही.

दुरुस्ती अशी केली. पापुद्रा पटाशीने अलगद उचलला, सुटलेला भाग पट्टीच्या पट्टी निघून आला. पण तेवढंच भरून काढायचं की सगळा वरचा थर काढायचा यावर दोन रात्री विचार केला आणि शेवटी सगळा काढला, कारण एका जागी साय होती तर बाकी ठिकाणी अर्धवट असणारच. मग कोमट पाणी, स्क्रबर, पुसणं, १२० चा पेपर, परत पाणी. मग बेडरूममधे एसी ड्राय मोडवर, मीटर पन्नासच्या आसपास येईपर्यंत थांबलो. घरच्यांनी तेवढे दिवस हॉलमधे झोपून काढले, त्यांचे मनापासून आभार.

एक युक्ती लिहून ठेवा. थर द्यायच्या आधी नेक बल्बखाली कोमट करायचा आणि बल्ब बंद करून मग एपॉक्सी ओतायचा. लाकूड गार होताना छिद्रांतली हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढला जातो. उलट केलं, म्हणजे गार लाकडावर ओतून मग गरम केलं, तर आतली हवा फुगून बुडबुडे वर येतात. आणि पुढचा थर आधीचा थर बोटाला चिकट लागत असतानाच द्यायचा, म्हणजे दोन्ही रासायनिकरीत्या एक होतात, मधे सायीला जागाच राहत नाही. या वेळी तीन पातळ थर एका दमात दिले.

सामानाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. ते टेबलावर नदी काढायचं आर्ट रेझिन बासला लावू नका. चकाकतं छान, पण मऊ राहतं, नखाने खूण उठते, राउंडवाउंड तारा त्याला खाऊन टाकतील. फायबरचं काम करणारे लोक जे लॅमिनेटिंग रेझिन वापरतात ते घ्या, भोसरीकडे अशी कामं करणारे बरेच आहेत आणि ते सुटं देतात, शिवाय कुठला हार्डनर पावसात चालतो हे त्यांना तोंडपाठ असतं. सुपरग्लूचा फिनिश सुचवणाऱ्यांनो, तुमचा बोर्ड मी वाजवलाय, चांगला आहे, पण तो कोरडा बोलतो. मला ओलसर सूर हवाय, यावर आपलं एकमत होणार नाही.

आठवडाभर पूर्ण सुकू दिला. मग रेडियस ब्लॉक (बोर्डच्या गोलाईचा ठोकळा) आणि त्यावर पेपर, आधी २२०, मग वॉटर पेपर ४०० पासून २००० पर्यंत, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. नटच्या खाचा कानशीने इतक्या खाली की पहिल्या लाइनजवळ तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतं. नेक जवळपास सरळ, अगदी नावाला पोक. ४५ ते १०५ जाडीच्या तारांचा सेट. नखाने टकटक केलं, वरपासून खालपर्यंत टिक टिक टिक. तेव्हाच कळलं होतं, वाजवायच्या आधी.

आता वाजवण्याचं. ब्रिजचा पिकअप पूर्ण, नेकचा बंद, उजवा हात ब्रिज पिकअपवर, टोन जरा मागे. 'कन्टिन्यूअम'चा पहिला भाग आता खरंच तसा लागतो, खाली ई घुमत राहतो आणि वर सूर सरकतात. रेकॉर्डवर बास दोनदा वाजवून एकावर एक ठेवलाय म्हणून तो जाडसर थरथरता पोत आहे, एकट्याने तो कोरस पेडलशिवाय येणार नाही, पण सध्या मला पेडल नको. आधी दोन्ही कानांना एकच सूर खरा लागू दे. लाइनवरच बोट ठेवायचं हे अजून हाताला सांगावं लागतं, फ्रेटवाल्या बासची सवय बोट लाइनच्या मागे नेते आणि सूर उतरतो.

जाकोच्याच 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी'मधला तो बोटांचा ताणही आता जमतोय. पहिलं बोट सूर दाबून आणि करंगळी चार फ्रेट पुढे नुसती टेकवून हार्मोनिक काढायचा तो. तिथे तारेचा पाचवा भाग होतो, म्हणून दोन सप्तकं वरचा गंधार मिळतो. पण ती जागा दाबलेल्या बोटापासून बरोब्बर चौथ्या लाइनवर नाही, केसभर अलीकडे आहे. लाइनवर टेकवलंत तर नुसता खरखरीत आवाज येतो. खाली सरकवत सरकवत अचानक उघडतो. तो पहिल्यांदा स्वच्छ वाजला तेव्हा मी घरभर सांगत फिरलो.

आता प्लॅन. आपण ठरवल्याप्रमाणे जाकोच्या कामात वर्षांच्या क्रमाने पुढे जायचं, म्हणजे पुढचा नंबर १९७७, वेदर रिपोर्ट या बँडचा अल्बम 'हेवी वेदर', त्यातलं 'टीन टाउन'. त्यात ड्रमही त्यानेच वाजवलेत, म्हणून तो भाग मला फार खुणावत होता. पण हे लिहितानाच वाटायला लागलंय की १९७६ सोडून पुढे जाणं बरोबर नाही. बघा ना, त्या एका वर्षात काय काय आलं. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम, सुरुवातीलाच फक्त काँगावर 'डोना ली', जी धून सॅक्सोफोनवाल्यांची समजली जायची ती बासवर. गिटारवादक पॅट मेथनीबरोबर 'ब्राइट साइज लाइफ', तिघांचाच बँड, जिथे बासला लपायला जागा नाही. वेदर रिपोर्टच्या 'ब्लॅक मार्केट'मधले दोन ट्रॅक. आणि जोनी मिचेलच्या 'हेजिरा'वर नऊपैकी चार गाणी, जिथे तो गायिकेच्या शेजारी दुसरा आवाज होऊन चालतो. बहुतेक वर्षभर तो चोवीस वर्षांचाच होता. चारही ठिकाणी काम वेगळं, सूर मात्र दोन स्वरांत ओळखू येतो. मला त्या वर्षात अजून राहायचंय. त्यामुळे 'टीन टाउन' पुढे ढकललं, आधी 'हेजिरा'तलं 'रेफ्यूज ऑफ द रोड्स', मग मेथनी.

आणि एक गोष्ट मनापासून. जाकोचा विषय निघाला की आपल्या भेटींमधेही गप्पा शेवटच्या वर्षांवर जातात. आजारपण, बाकावरून चोरीला गेलेला बास, १९८७ मधे क्लबबाहेर झालेली मारहाण आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मृत्यू. हे सगळं घडलं आणि ते फार वाईट आहे. बायपोलरचं निदान झालेला माणूस होता तो, त्याला उपचार आणि सांभाळणारी माणसं हवी होती. पण त्याच्या आजाराची रंगवून सांगायची गोष्ट करून आपण त्याच्या कामाचे तास विसरतो. वेन कॉक्रनच्या बँडबरोबर बसमधून गावोगाव फिरताना त्याने हात घडवला, चार्ट, म्हणजे बँडसाठीची स्वरलिपी, लिहायला शिकला. तेही ऐकायला हवं.

पुढच्या रविवारी कोथरूडला भेटतोय तेव्हा बास आणतो, ज्यांना वाजवायचाय त्यांनी वाजवा, पण टकटक करायला आधी मला द्या. आणि ज्यांचे बोर्ड या जून ते सप्टेंबरमधे झालेत त्यांनी आपापले बोर्ड नखाने तपासून कुठे 'टप्' येतो ते लाइन नंबरासकट इथे टाका, जी च्या बाजूलाच जास्त येतो का ते मला बघायचंय. वाजवणारा हात तिथेच जास्त फिरतो की थर ओतताना नेक त्या बाजूला झुकतो, हा पुढचा प्रश्न आहे. रेझिन उरलंय पाव किलोच्या आसपास, कुणाला हवं असेल तर घेऊन जा, हार्डनरसकट.