खिंडरक्षक, दुसरा मसुदा: प्रवेशाच्या अटी

खिंडरक्षक हा डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या ३.५ आवृत्तीसाठीचा आमचा घरगुती प्रेस्टिज क्लास, म्हणजे अटी पूर्ण केल्यावरच पात्राला घेता येणारा खास पेशा. त्यात फायटर, बार्बेरियन आणि रेंजर या तीन लढवय्या क्लासच्या पात्रांना सहाव्या लेव्हलला शिरता आलं पाहिजे. पहिल्या मसुद्यात अटी अशा होत्या: बेस अटॅक बोनस (हल्ल्याच्या फाशात मिळवायचा आकडा) +५, क्लाइंब (चढणं) ४ रँक, स्पॉट (हेरणं) ८ रँक, आणि कॉम्बॅट रिफ्लेक्सेस (संधी मिळताच जादा हल्ले) व एन्ड्युरन्स (काटकपणा) हे दोन फीट, म्हणजे खास कसब.

घोळ स्पॉटमुळे झाला. क्लास स्किलची, म्हणजे आपल्या क्लासच्या कौशल्याची, कमाल रँक मर्यादा लेव्हल अधिक ३, क्रॉस-क्लासची, म्हणजे क्लासबाहेरच्या कौशल्याची, त्याच्या निम्मी. स्पॉट तिघांत फक्त रेंजरचं क्लास स्किल, त्यामुळे ८ रँक रेंजरला पाचव्या लेव्हलला मिळतात, तर फायटर आणि बार्बेरियनला थेट तेराव्या. शिवाय क्रॉस-क्लासच्या प्रत्येक रँकला दोन स्किल पॉइंट पडतात, म्हणजे एकूण १६. इंटेलिजन्स १० असलेल्या, माणूस नसलेल्या फायटरला पाचव्या लेव्हलपर्यंत मिळतातच १६ (माणूस वंशाच्या पात्राला पॉइंट आणि फीट जास्त मिळतात). तिघांसाठी लिहिलेला क्लास असा एकट्या रेंजरचा होऊन बसला.

आता स्पॉट २ वर आणलाय. तो क्रॉस-क्लास असला तरी पहिल्याच लेव्हलला घेता येतो आणि ४ पॉइंटांत येतो. क्लाइंब तिघांचंही क्लास स्किल आहे, त्याचे आणखी ४. एकूण ८. इंटेलिजन्स ८ चा, माणूस नसलेला फायटर पाचव्या लेव्हलपर्यंत बरोबर ८ पॉइंट कमावतो. जंपसारख्या (उडी) इतर स्किलसाठी त्याच्याकडे काही उरत नाही, पण अडतही नाही. अट तपासायची तर अशाच सर्वांत गरीब पात्रावर. माणूस फायटर घेऊन तपासलं की सगळंच जमतंय असं वाटतं.

रँक उतरवल्यामुळे लेव्हलचं कुलूप आता फक्त +५ वर आहे. ते तिघांना पाचव्या लेव्हलला उघडतं, रोग (ठग) आणि क्लेरिक (पुजारी) या क्लासना सातव्या, विझार्डला (मांत्रिक) दहाव्या. प्रवेश त्याच्या पुढच्या लेव्हलला. मल्टिक्लासमध्ये, म्हणजे एकाच पात्राने अनेक क्लास घेतले तर, प्रत्येक क्लासच्या बोनसचा अपूर्णांक वेगळा गळतो: रोगची १ आणि क्लेरिकची १ लेव्हल मिळून बोनस शून्यच, म्हणून वर फायटरच्या ५ लागतात. डीएम (खेळ चालवणारा) अपूर्णांक जोडून धरत असेल तर फायटरच्या ४ पुरतात. एका लेव्हलचा फरक, चालेल.

फीटचा भार मात्र फारच विषम होता. फायटरला पाचव्या लेव्हलपर्यंत पाच फीट मिळतात, रेंजरला एन्ड्युरन्स तिसऱ्या लेव्हलला फुकट. बार्बेरियनकडे (माणूस नसेल तर) दोनच, आणि दोन्ही अटींतच खर्च, म्हणजे पॉवर अटॅक (जोरदार घावाचा फीट) सहाव्यापर्यंत लांबणीवर. हे आम्हाला पटलं नाही. एन्ड्युरन्स अटीतून काढून क्लासच्या पहिल्या लेव्हलला बोनस म्हणून दिलाय. पहारेकऱ्याला मध्यम चिलखत घालून झोपता येणं शोभतंच. ज्याच्याकडे तो आधीच आहे त्याला डायहार्ड हा फीट. कॉम्बॅट रिफ्लेक्सेस अटीतच राहील, कारण क्लासची पुढची सगळी ताकद त्यावर उभी आहे. डेक्स्टेरिटी (चपळाई) १२ च्या खाली असेल तर त्यातून जादा हल्ला मिळत नाही, हे वर्णनात स्पष्ट लिहायचंय.

कथेची अट: दार, पूल किंवा खिंड अशी एक अरुंद जागा पूर्ण लढाईभर न सोडणे. पहिल्या मसुद्यात फक्त खिंड होती. मोहीम शहरात चालली तर खेळाडू कायमचा बाहेर. या अटीच्या बदल्यात क्लासला जास्तीची ताकद दिलेली नाही, कारण ती पूर्ण होणं डीएमच्या हातात असतं.

३.५ वरून निघालेल्या पाथफाइंडर या खेळाच्या पहिल्या आवृत्तीसाठी वेगळा मसुदा करावा लागेल. तिथे कमाल रँक लेव्हलइतकेच, म्हणून ३.५ मधल्या क्लास स्किलच्या रँकमधून ३ वजा करतात. क्लाइंब मग १ वर येतो आणि त्या अटीला अर्थच उरत नाही. तिथे ती काढून परसेप्शन (तिथलं स्पॉटच्या जागचं स्किल) ५ ठेवून पाहणार आहोत.